तांबट आळीजवळचे नाव घालण्याचे दुकान आणि आमची फिरती ढाल

पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीपासून चालत दोन-तीन मिनिटांवर, पितळेच्या पाट्या, स्मृतिचिन्हे आणि ढाली करून देणारे एक जुने दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पूर्वी होती, पण रस्ता खोदला गेला त्या वर्षी ती उतरवून आत ठेवली आणि पुन्हा लावायची राहून गेली, असे मालकांनी सांगितले. जन्मभर दुसऱ्यांची नावे कोरणाऱ्या माणसाच्या दारावर स्वतःचे नाव नसावे, ही गोष्ट आम्ही हसत हसत बोलून दाखवली तेव्हा ते हसले नाहीत, आणि पाटी लावण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला नाही. आसपासचे लोक त्या दुकानाला ‘नाव घालणारे काका’ एवढ्याच खुणेने ओळखतात. त्यामुळे या परीक्षणातही दुकान बिननावाचेच राहील. ढाल घेऊन आता सव्वा वर्ष झाले आहे, ती दोन स्नेहसंमेलनांत मिरवून आली आहे, आणि वस्तू वापरून पाहिल्यावरच तिच्याविषयी लिहावे असे ठरवल्यामुळे हा मजकूर इतक्या उशिरा लिहीत आहे.

ढाल आमच्या वर्गमित्रासाठी होती. १९९२ साली आमची दहावी झाली. तो मे २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रात्री झोपेतच हृदयविकाराने गेला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण वहिनींची तशी इच्छा आहे. ते ढालीवर आहे आणि शाळेच्या कार्यालयात जाणाऱ्या कोणालाही वाचता येते. तो खो-खो खेळायचा. वर्गात तो मागच्या बाकावरचा, गणितात काठावर पास होणारा, फारसे न बोलणारा मुलगा होता. पण मैदानावर फक्की मारून झाली आणि पंचांनी शिट्टी फुंकली की शाळेचे शिक्षक आपापल्या वर्गाच्या खिडक्यांत येऊन उभे राहत असत, आणि ते त्याच्यासाठीच येत असत.

खो-खो न खेळलेल्या वाचकांसाठी त्याच्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढे दुकानात जे झाले ते त्याशिवाय कळणार नाही. पाठलाग करणाऱ्या आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोहोचेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही आणि गडी बसतात ती मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्या संरक्षकाला मात्र बसलेल्या दोन गड्यांमधून हवे तेव्हा, हव्या त्या बाजूला जाता येते. या एका सवलतीवर संरक्षकाचा सारा खेळ उभा असतो. बसलेल्या प्रत्येक गड्याला वळसा घालत एकेरी साखळी खेळणारे पुष्कळ असतात. आमचा मित्र साखळी खेळता खेळता मध्येच जवळजवळ थांबायचा. आक्रमकाचा हात पाठीपासून वीतभर अंतरावर येईपर्यंत तो वाट पाहत असे, आणि मग कंबरेतून असा काही वळत असे की समोरचा गडी स्वतःच्याच वेगाने पुढे निघून जाई. तो आक्रमकाच्या पायांकडे पाहत नसे, खांद्याकडे पाहत असे. खांदा पायांच्या आधी बोलतो, हे त्याचे वाक्य होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे खेळाविषयी त्याने उच्चारलेले तेवढेच एक सुभाषित असावे. बाकी तो अनवाणी पळायचा, मुरमाने टाचा सोलायच्या आणि त्यावर तो हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहायचा.

जिल्ह्याच्या संघातून तो खेळला, राज्याच्या निवड शिबिरापर्यंत गेला आणि तेथून परत आला. पुढे त्याने एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम धरले. परंतु संध्याकाळी साडेपाच वाजता तो शाळेच्या मैदानावर हजर असे, आणि बावीस वर्षे त्याने तेथील मुलामुलींना एक पैसाही न घेता शिकवले. त्याच्या नावाने काहीतरी करावे असे आम्हा चौघांना वाटले ते या बावीस वर्षांमुळे. शाळेने दरवर्षी उत्कृष्ट संरक्षकाला बक्षीस देण्याची आमची सूचना मान्य केली आणि ढाल आम्ही करून द्यावी असे ठरले.

आधी आम्ही एका मोठ्या रस्त्यावरील, काचेच्या दारांच्या दुकानात गेलो होतो. तेथील कामाविषयी माझी तक्रार नाही. वाढदिवसाला किंवा निवृत्तीच्या समारंभाला देण्याजोगी अॅक्रिलिकची स्मृतिचिन्हे ते उत्तम करतात, दोन दिवसांत करतात, आणि साडेसहाशे रुपयांपासून करतात. आमची अडचण वेगळी होती. फिरती ढाल ही एकदा देऊन मोकळे होण्याची वस्तू नव्हे. तिच्यावर दरवर्षी एक नाव चढायचे असते, ती दरवर्षी कोणाच्या तरी घरी जाते, पावसात दुचाकीवरून परत येते आणि वर्षभर कपाटात पडून राहते. त्या दुकानातील पाट्या पितळी रंगाच्या, वरून मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याच्या होत्या, आणि लेसर यंत्र त्यावरचा थर जाळून अक्षरे उमटवत होते. अक्षरे अतिशय सुबक दिसतात. पण शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात आम्ही आधीच डोकावून आलो होतो. तेथे १९६०च्या दशकातील एका ढालीवर हाताने कोरलेली नावे बोट फिरवले तरी वाचता येत होती, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या दोन चषकांवरील छापील पट्ट्या इतक्या पुसट झाल्या होत्या की विजेता कोण हे शाळेलाही सांगता येत नव्हते. त्याच कपाटातील एका ढालीच्या मागच्या फळीचा, दाबून केलेल्या भुशाची असल्यामुळे, ओल लागून खालचा कोपरा फुगला होता. या तीन वस्तू शेजारी शेजारी पाहिल्यावर आमचा निर्णय झाला.

नाव घालणाऱ्या काकांकडे आम्हाला वहिनींनी पाठवले. वहिनींच्या लग्नातील भांड्यांवर नावे काकांनीच घातली होती. मराठी घरात भांड्यावर नाव घालणे म्हणजे काय असते हे वेगळे सांगायला नको. तांब्याच्या घंगाळापासून पोह्याच्या ताटलीपर्यंत, कोणी, कोणाला, कशाप्रीत्यर्थ आणि कोणत्या तारखेला दिले याची नोंद आपण ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत भांड्याच्या काठावर करून ठेवतो. काकांनी सुरुवात त्याच कामापासून केली, म्हणजे दुकानाबाहेर स्टूल टाकून रुखवताच्या भांड्यांवर नावे घालण्यापासून. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, मुलगा पत्रा कापण्याचे आणि खोदाईचे काम पाहतो, पण अक्षर मात्र अजून काकाच काढतात.

ऑक्टोबर २०२४ मधील पहिल्या भेटीत आम्ही मजकूर लिहून नेला होता. तो सहा ओळींचा होता. त्यात ‘महान’, ‘अष्टपैलू’ आणि ‘खो-खोचा बादशहा’ हे शब्द होते, जन्म आणि मृत्यूच्या तारखा होत्या, आणि आमच्यापैकी एकाच्या आग्रहामुळे ‘वीर अभिमन्यू पुरस्कारास पात्र’ अशीही एक ओळ होती. खो-खोत राष्ट्रीय स्पर्धेतील अठरा वर्षांखालील सर्वोत्कृष्ट मुलाला हा पुरस्कार देतात. काकांनी चष्मा वर करून विचारले, “मिळाला होता का?” नव्हता, असे आम्ही सांगितले. “मग नाही लिहायचं,” एवढेच म्हणून त्यांनी ती ओळ पेन्सिलने खोडली. नंतर ‘स्मृतीप्रित्यर्थ’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आणि शेजारी ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ असे लिहिले. आम्हा चौघांत एक पदव्युत्तर मराठीचा, एक वकील. चूक कोणाच्याही लक्षात आली नव्हती. गावोगावच्या पाणपोया, बाके आणि बसथांबे या एका शब्दाने बाटलेले आहेत, आणि एकदा पितळेत गेलेली चूक पुसता येत नाही, हे काकांनी रागाने नव्हे, भाव सांगावा तशा आवाजात सांगितले.

‘महान’ काढायला आम्ही तयार नव्हतो. त्यावर काकांनी जो मुद्दा काढला तो माझ्या मते या दुकानाची खरी सेवा आहे, आणि तिचा आकार बिलात लावलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे होते की ही ढाल ज्याच्या हातात पडेल तो मुलगा किंवा ती मुलगी या माणसाला ओळखत नसेल. ‘महान’ वाचून त्याला काही कळणार नाही, पण हा माणूस काय खेळायचा आणि कसा खेळायचा हे कळले तर तो क्षणभर थांबेल. मग त्यांनी आम्हाला विचारले की याने केलेली एखादी मोजता येण्याजोगी गोष्ट आहे का. आमच्याकडे ती तयारच होती. नववीत असताना आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्या तुकडीतले त्याचे दोन्ही साथीदार बाद झाल्यावर तो एकटा उरला होता, आणि नऊ मिनिटांच्या डावातली कितीतरी मिनिटे त्याने एकट्याने खाल्ली होती. किती मिनिटे, असा प्रश्न आला. मी म्हणालो, ३ मिनिटे ४० सेकंद. वकील म्हणाला, ४ मिनिटे १० सेकंद. तिसऱ्याला साडेतीन आठवत होते, पण ते दुसऱ्या सामन्यातले असावेत असे त्याला वाटत होते. काकांनी वही मिटली आणि नक्की आकडा घेऊन या, मग पत्रा कापू, असे सांगून आम्हाला परत पाठवले.

त्या वेळी मला याचा राग आला होता हे कबूल करतो. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तयारी सुरू व्हायची होती आणि आम्हाला ढाल वेळेत हवी होती. तरीही आम्ही आमच्या खेळाच्या सरांकडे गेलो. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येते, पण त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत प्रत्येक वर्षाची एक अशा वह्या दोरीने बांधून ठेवलेल्या आहेत. अर्ध्या तासाने वही सापडली. सामन्याचे पान उघडले तेव्हा त्याच्या नावापुढे, निळ्या शाईत, ३ मि. २५ से. असे होते. आमच्या कोणाच्याही आठवणीपेक्षा तो आकडा कमी होता. तेहतीस वर्षांत आम्ही प्रेमाने त्यात पाऊण मिनिटापर्यंत भर घातली होती. सरांना मात्र त्याचे काही वाटले नाही; त्यांनी त्या ओळीवर नख ठेवून आम्हाला दाखवले की त्याच्या पुढे ‘बाद’ लिहिलेले नाही, ‘स्वतःहून हद्दीबाहेर’ असे लिहिलेले आहे. म्हणजे त्याला कोणी शिवले नव्हतेच. दमून त्याचे पाय रेघेबाहेर पडले होते. ही गोष्ट आम्ही चौघेही पार विसरलो होतो.

दुसऱ्या भेटीत आकडा दिला आणि मजकूर चार ओळींवर आला: खो-खो, उत्कृष्ट संरक्षक, त्याचे नाव आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’, त्याखाली लहान अक्षरांत ३ मि. २५ से.; आणि शेवटी ‘वर्गमित्र, १९९२’. नावाआधी ‘कै.’ घालायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. वहिनींना ते नको होते, आम्हाला रीत मोडल्यासारखे वाटत होते. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ या शब्दात ते आलेच आहे, तेच दोनदा कशाला सांगायचे, असा निवाडा काकांनी दिला, आणि दोन अक्षरांची जागा वाचल्यामुळे नाव एका आकाराने मोठे करता येईल हेही पट्टी लावून दाखवले. वहिनी त्या दिवशी बरोबर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण कागदावर काढलेले ते मोठे नाव त्यांनी मोबाइलवर टिपून घेतले.

मधल्या मोठ्या पाटीवर खेळाडूची आकृती हवी होती, आणि येथे या दुकानाची मर्यादा आणि हौस दोन्ही दिसली. त्यांच्याकडील नमुन्यांच्या वहीत क्रिकेटचे फलंदाज अकरा प्रकारचे आहेत, फुटबॉल आहे, बॅडमिंटन आहे, कुस्तीची जोडी आहे, धावपटू आहे, खो-खो नाही. महाराष्ट्रात घडलेल्या खेळाची ही स्थिती पाहून वाईट वाटले, पण दोष दुकानाचा म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या सांगण्याप्रमाणे गेल्या कित्येक वर्षांत ते चित्र कोणी मागितलेच नव्हते. काकांच्या मुलाने धावपटूच्या चित्रावर भागवून घ्या असे सुचवले. काकांना ते पटले नाही. आमच्याकडे त्याचे खेळतानाचे छायाचित्र नव्हते. संघाचे एक होते, त्यात तो दुसऱ्या रांगेत उभा आहे आणि पुढच्या मुलाच्या हातातील चषकाने त्याची हनुवटी झाकली आहे. तेव्हा काकांनी आम्हाला दुकानातच ती पोझ करून दाखवायला सांगितली.

ते दृश्य येथे लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे की नाही मला माहीत नाही, पण ते वगळले तर हे परीक्षण खोटे होईल. दुकानाची जागा असेल आठ फूट बाय बारा फूट. एका भिंतीला पत्र्याचे तुकडे टेकवलेले, मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर हातोड्या. वकील झालेला मित्र गुडघे मोडून, एक हात जमिनीला टेकवून बसलेला गडी झाला. दुसरा आक्रमक म्हणून हात लांबवून उभा राहिला. मी संरक्षक. कंबरेतून मागे वळायचे, वजन डाव्या पायाच्या बोटांवर घ्यायचे आणि उजवा हात अंगाशी आवळायचा, असे मी करून दाखवले, तर माझे चुकते आहे असे बसलेल्या गड्याने खालूनच सांगितले. तो हात आवळत नसे, मागे सोडून देत असे, म्हणजे आक्रमकाला हात सापडेल असे वाटे आणि तो हातामागे जाई. आक्रमक म्हणाला की हे डाव्या हाताचे, उजव्याचे नव्हे. चौथा म्हणाला की तो डावखुरा होता हे तुम्ही विसरलात. यानंतर दुकानात काही वेळ कोणीच बोलले नाही. काका मात्र चित्र काढत होते. माझा गुडघा मोठ्याने वाजला तेव्हाच ते थांबले आणि बसा म्हणाले. त्यांनी काढलेल्या आकृतीत डावा हात मागे सुटलेला आहे, आक्रमकाची बोटे त्याच्यापासून एक सूतभर लांब आहेत, आणि चेहरा नाही. डोके खांद्याच्या दिशेने किंचित झुकलेले आहे, एवढ्यावरून तो कुठे पाहतो आहे ते कळते.

आता वस्तूविषयी. ढाल २२ इंच उंच आणि १८ इंच रुंद आहे. पाठीमागची फळी जुन्या सागवानाची आहे, दोन तुकडे जोडून केलेली. सांधा जवळून पाहिला तर दिसतो, पण सव्वा वर्षात आणि एका पावसाळ्यात तो उघडलेला नाही. मधली पाटी भरीव पितळेची आहे. तिच्यावरील आकृती आणि मोठी अक्षरे खोदाईची आहेत, म्हणजे जो भाग उंच राहायचा त्यावर थर चढवून पत्रा फेरिक क्लोराईडच्या द्रावणात ठेवतात, उघडा भाग द्रावण खाते आणि खोलगट होतो, आणि मग त्या खोलीत काळा रंग भरून वरचा भाग घासून लखलखीत करतात. खोली नखाला लागते एवढी आहे. चौथी ओळ आणि ३ मि. २५ से. हा आकडा मात्र काकांनी कलमाने हाताने कोरला आहे, कारण इतके बारीक अक्षर द्रावणात भरडते असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही अक्षरांतील फरक दिसतो. हाताच्या अक्षरातील ‘३’ची शेपटी थोडी लांब गेली आहे, आणि सरांच्या वहीतला ‘३’ही तसाच होता. हा योगायोग की काकांनी वहीचे आम्ही दाखवलेले छायाचित्र लक्षात ठेवले होते, हे मी विचारले नाही.

मोठ्या पाटीभोवती चोवीस छोट्या पितळी ढाली आहेत, दरवर्षी एक याप्रमाणे चोवीस वर्षे पुरतील. प्रत्येक दोन स्क्रूंनी बसवलेली आहे, त्यामुळे नाव घालण्यासाठी पूर्ण ढाल दुकानात न्यावी लागत नाही. त्या वर्षाची छोटी ढाल काढून खिशात घालून नेता येते. ही युक्ती साधी आहे, पण कपाटातील जुन्या ढालींच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या आणि त्या काढताना दोन वाकल्या होत्या, हे लक्षात घेतले तर तिचे मोल कळते. एकूण खर्च ११,४०० रुपये आला, पैकी ५,००० आगाऊ. त्याच मापाची, मुलामा दिलेल्या पत्र्याची ढाल मोठ्या रस्त्यावर निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. दरवर्षीचे नाव घालण्याचे साठ रुपये होतात.

तक्रारी आहेत, आणि त्या स्पष्ट लिहितो. सांगितलेल्या तारखेपेक्षा ढाल एकोणीस दिवस उशिरा मिळाली. उशीर होणार हे त्यांनी स्वतःहून एकदाही कळवले नाही. दर वेळी आम्हीच फोन केला, आणि पाचपैकी तीन वेळा तो उचलला गेला नाही. बिल मिळाले ते वहीतून फाडलेल्या कागदावर, आणि शाळेच्या हिशेबाला ते चालले नाही, त्यामुळे रीतसर बिलासाठी आणखी एक हेलपाटा झाला. ढालीच्या मागचा अडकवायचा कडा तिच्या वजनाला अपुरा आहे. साडेचार किलोची वस्तू एका बारीक कड्यावर टांगणे मला धोक्याचे वाटले आणि आम्ही सुताराकडून दोन कडे बसवून घेतले. अकराव्या क्रमांकाच्या छोट्या ढालीचा एक स्क्रू सहा महिन्यांत सैल झाला. तो त्यांनी विनाशुल्क बदलला, पण त्यालाही दोन आठवडे लागले. ज्यांना वस्तू ठरलेल्या दिवशी हवी आहे त्यांनी या दुकानात जाऊ नये, किंवा तारीख सांगताना महिनाभर अलीकडची सांगावी. आम्ही दुसऱ्या मार्गाने वाचलो, शाळेचे स्नेहसंमेलनच पुढे ढकलले गेले.

निगेविषयी एक सूचना. पितळेवर पारदर्शक लॅकरचा थर आहे, त्यामुळे ढाल कोरड्या मऊ फडक्यानेच पुसायची आहे. शाळेतील मावशींनी पहिल्याच महिन्यात चिंच आणि मीठ लावून ती घासायला घेतली होती, कारण पितळ दिसले की चिंच हा आपल्याकडचा नियमच आहे. पितांबरीही लावू नये. त्या घासण्याने एका कोपऱ्यावरचा थर तेवढा निघाला आणि तेथे आता हिरवट डाग धरतो. त्या कोपऱ्यापुरता पुन्हा थर देता येतो असे काकांनी सांगितले आहे, पण त्यासाठी मोठी पाटी काढावी लागेल आणि त्यांच्याकडे गेलेली वस्तू परत कधी येईल हे आता आम्हाला माहीत आहे.

जाण्यायेण्याविषयी: गाडी नेऊ नये, लावायला जागा मिळत नाही. सप्टेंबर २०२४ अखेर मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून कसबा पेठ स्थानकावर, म्हणजे फडके हौदापाशी, उतरून चालत जाणे सर्वांत सोपे. वाटेत मठारकामाचे, म्हणजे हातोडीने तांब्याची भांडी घडवण्याचे, ठोके कानावर पडू लागले की दिशा बरोबर आहे असे समजावे. दुकान सकाळी साडेदहानंतर उघडते, दुपारी दोन ते पाच बंद असते, आणि काका असतील तरच मजकुराविषयी बोलावे. मुलगा आपण दिलेला कागद जसाच्या तसा पत्र्यावर उतरवतो.

पहिले बक्षीस जानेवारी २०२५ मध्ये दिले गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात, १९ तारखेला, दिल्लीत भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला होता. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच असल्यामुळे शाळेतील मुलांच्या तोंडी दुसरे काही नव्हते. तो असता तर त्याने मुलांना सामन्याची गोष्ट न सांगता मैदानावर पाणी मारायला लावले असते. ढाल नववीतील एका मुलीला मिळाली. तिने ती उचलून घेतली, वळून आकृतीकडे पाहिले, आणि शेजारच्या मैत्रिणीला बोटाने मधला आकडा दाखवला. दुसऱ्या वर्षी ढाल आठवीतील एका मुलाला मिळाली, आणि त्याच्या आईने ती घरी टीव्हीवर ठेवायला जागा नाही म्हणून देवघराशेजारी ठेवली होती असे कळले.

दोन्ही वर्षी छोटी ढाल खिशात घालून मीच काकांकडे गेलो. ते कागदावरचे नाव दोनदा वाचतात, ऱ्हस्व-दीर्घ विचारतात, आडनाव कोणत्या गावचे ते विचारतात, पट्टी लावून मध्य काढतात आणि कलम हातात घेण्याआधी चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न करतात: “तीन पंचवीस झाले का?” पहिल्या वर्षी मुलीचे २ मिनिटे ५० सेकंद झाले होते, यंदा मुलाचे २ मिनिटे ३५ सेकंद. नाही झाले, असे मी दोन्ही वेळा सांगितले, आणि बरं म्हणून त्यांनी नाव कोरायला घेतले.